कुटकीचं टिश्यू कल्चर, तेही नाशकात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिन्नर रस्त्यावरच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत डाळिंबाच्या बाटल्यांशेजारी एका रॅकवर कुटकी आहे. हिमालयातली वनस्पती गोदाकाठी काय करते, असं येणारा प्रत्येक जण विचारतो. फोनवर आणि चिठ्ठ्यांमधून वारंवार आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कुटकी म्हणजे ते बारीक धान्य ना, उपवासाला खातात ते?

नाही. मध्य प्रदेशात ज्याला कुटकी म्हणतात ती आपली वरई, भगरीची. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारावर पिकते, तिला टिश्यू कल्चरची काही गरज नाही. आपण बोलतोय ती औषधी कुटकी, शास्त्रीय नाव पिक्रोऱ्हायझा कुरोआ. जुने वैद्य तिला केदारकडू म्हणतात. हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर, झाडांची रेषा संपते तिथल्या कुरणांत आणि खडकांच्या कपारीत वाढते. वीतभर उंचीची, जमिनीलगत पसरणारी. औषधात वापरतात ते तिचं जमिनीखालचं खोड, म्हणजे राइझोम, आणि मुळं. आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक औषधाच्या पाठात एकट्या कुटकीचं वजन बाकी सगळ्या घटकांच्या एकत्र वजनाएवढं असतं. एवढ्यावरून मागणीचा अंदाज येईल. आणि राइझोम काढायचा तर झाड मुळासकट उपटावं लागतं. तिच्यावर संकट आलं ते यामुळेच.

२. माझी निफाडला पाच एकर आहे. थंडीत पारा खूप खाली जातो. कुटकी लावू का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. उत्तर : नको.

निफाडची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री. दुपारी ऊन कडकच असतं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. कुटकी वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली झोपून काढते. बर्फ वितळला की उठते, पावसाळ्याच्या आसपास फुलते, शरदात पुन्हा वरचा भाग वाळतो. ही झोप तिच्या जगण्याचाच भाग आहे. द्राक्षवाल्यांना हे लगेच कळेल. आपल्याकडे वेलीला पुरेशी थंडी मिळत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला डॉरमेक्सची पेस्ट लावून डोळे फोडावे लागतात. द्राक्षाचं तेवढ्यावर भागतं. कुटकीला मात्र नुसतं उठवून चालत नाही, उन्हाळाभर थंड ठेवावी लागते.

उंचीचंच पाहा. नाशिक शहर ६०० मीटरच्या आसपास. जिल्ह्यातला साल्हेर १,५६७ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर मंदिराशेजारी लावली, तरी कुटकी आपल्या घरापासून निम्म्याच उंचीवर. त्यात आपली काळी, चुनखडीची, पाणी धरून ठेवणारी जमीन. तिला हवी भुसभुशीत, कुजलेल्या पालापाचोळ्याची, पाण्याचा निचरा होणारी माती.

३. मग नाशकात कुटकीचं टिश्यू कल्चर करण्यात अर्थ काय?

बाटलीतल्या रोपाला बाहेर नाशिक आहे की उत्तराखंडातलं चमोली, हे कळत नाही. त्याला फक्त बाटलीतली हवा, प्रकाश, तापमान आणि अन्न कळतं. नाशकात डाळिंब, केळी, फुलझाडांमुळे या कामात हात बसलेल्या मुली-बाया आहेत, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणारं यंत्र) दुरुस्त करणारा मिस्त्री आहे, रसायनं दोन दिवसांत मिळतात. उंच डोंगरातल्या गावात यातलं काहीच हाताशी नसतं. म्हणून बाटलीतलं काम इथे आणि मातीतलं तिथे, अशी वाटणी आम्हाला जमेल असं वाटलं. ती वाटणी विसरून कोणी 'नाशिकची कुटकी' विकायला आला, तर प्रश्न १५ वाचा.

४. टिश्यू कल्चर म्हणजे कलमच ना?

कल्पना तीच, प्रमाण वेगळं. कलमात काडी लागते. इथे दोन-तीन मिलिमीटरचा शेंड्याचा कोंब किंवा एका पेराचा तुकडा पुरतो. तो पूर्ण निर्जंतुक करून काचेच्या बाटलीत पोषक जेलीवर ठेवायचा. तिथे त्याला फुटवे येतात, ते सुटे करून नव्या बाटल्यांत लावायचे. पुरेसे झाले की मुळं फोडायची आणि मातीत न्यायचं. शेतात लावता ती जी-नाइन केळी किंवा सटाण्या-देवळ्याकडे गेलेली भगव्या डाळिंबाची टिश्यूची रोपं याच वाटेनं आलेली.

५. त्या जेलीत नक्की काय असतं? काही गुप्त औषध?

गुप्त काही नाही. मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी तंबाखूच्या ऊतींसाठी १९६२ साली प्रसिद्ध केलेली क्षारांची यादी आजही जगभर वापरतात. तिला सगळे एमएस म्हणतात. त्यात नत्र, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि थोडी जीवनसत्त्वं. एक लिटरला ३० ग्रॅम साखर, कारण बाटलीतलं रोप पुरेसं अन्न स्वतः बनवत नाही. जेली घट्ट करायला ७ ते ८ ग्रॅम अगर, पीएच ५.८.

खरा खेळ संप्रेरकांचा. इथे नाशिकच्या शेतकऱ्याला शिकवायला जाऊ नये, तोच आपल्याला शिकवेल. खरड छाटणीनंतर सूक्ष्मघडासाठी तुम्ही जे सिक्स-बीए फवारता, तेच आम्ही बीएपी म्हणून मीडियात, म्हणजे या जेलीत, घालतो. फुटवे आणायचं काम त्याचं. कुटकीला लिटरमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम आम्हाला पुरतं. काही जण त्याऐवजी कायनेटिन घेतात. मुळांसाठी आयबीए किंवा एनएए, तेही अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. जास्त घातलं म्हणजे जास्त फुटतं, हा समज शेतात चालत नाही तसा बाटलीतही चालत नाही (प्रश्न ८).

६. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत काय काय करता, ते सविस्तर सांगाल का?

मातृरोप, म्हणजे ज्याचे कोंब घ्यायचे ते रोप, आलं की ते लगेच कापत नाही. महिनाभर थंड खोलीत, स्वच्छ कोकोपीटमध्ये, वरून पाणी न शिंपता ठेवतो. पानांवर पाणी पडलं की बुरशी आलीच. मग नवे कोंब फुटतात. घ्यायचे ते हेच. डोंगरातून आलेला जुना राइझोम कितीही धुतला तरी त्याच्या आत जंतू असतात.

कोंब वाहत्या पाण्याखाली अर्धा तास. साबणासारखे दोन थेंब ट्वीन-२० टाकून धुणं. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. यानंतरचं सगळं लॅमिनारच्या आत, गाळलेल्या हवेच्या झोतात. ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, मग हजार भागांना एक भाग मर्क्युरिक क्लोराइडमध्ये तीन-चार मिनिटं, मग निर्जंतुक पाण्यानं चार-पाच वेळा खळबळणं. मर्क्युरिक क्लोराइड हे विष आहे, आणि पाऱ्याचं धुणं आम्ही नाल्यात सोडत नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवतो. सोडियम हायपोक्लोराइटवर पूर्ण यावं अशी इच्छा आहे. पण डोंगरातून आलेल्या मालाला ते दरवेळी पुरत नाही, हे कबूल करते.

कोंब बाटलीत उभा लावायचा. मीडिया आधीच १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली, पंधरा ते वीस मिनिटं शिजवून थंड केलेला. पहिले दहा दिवस रोज बाटल्या बघणं. पांढरा, करडा किंवा दुधाळ ठिपका दिसला की बाटली बाहेर, न उघडता, थेट ऑटोक्लेव्हमध्ये. स्वच्छ राहिलेल्या कोंबांना चारेक आठवड्यांत फुटवे येतात. ते सुटे करून नव्या मीडियावर. हे सबकल्चर दर चार आठवड्यांनी. सोळा तास प्रकाश, आठ तास अंधार. शेवटी मुळांचा मीडिया. कुटकी तशी मुळं फुटायला हट्टी नाही. पुष्कळदा फुटव्यांच्या मीडियातच एखाददुसरं मूळ दिसतं, आणि नव्या मुलींना वाटतं आपलं काहीतरी चुकलं.

७. पहिल्या खेपेला माझ्या बाटल्या सगळ्या खराब झाल्या. एवढं कंटॅमिनेशन कसं?

तीन वेगळी दुखणी लोक एकाच नावानं सांगतात. दोन-तीन दिवसांत कापसासारखी बुरशी आली तर बहुधा हात, चिमटा किंवा लॅमिनारचा दोष. बाटलीच्या तोंडाकडून सुरुवात झाली तर झाकण सैल. मात्र दोन सबकल्चर छान झाल्यावर तिसऱ्यात कोंबाच्या बुंध्याशी दुधाळ डाग उमटला, तर तो जंतू रोपाच्या आतच होता. त्यावर अँटिबायोटिकचा मारा करणारे आहेत. आमचा अनुभव असा की जंतू दबतो, मरत नाही. ती ओळच, म्हणजे त्या मातृरोपापासून झालेल्या सगळ्या बाटल्या, टाकून द्यावी. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला आम्ही नवं मातृरोप सुरूच करत नाही.

कापलेली जागा आणि आसपासची जेली तपकिरी झाली तर ते कंटॅमिनेशन नव्हे. कापल्यावर रोपातून फिनॉल बाहेर पडतात, सफरचंद कापून ठेवल्यावर काळवंडतं तसं. लवकर नव्या मीडियावर हलवा, किंवा थोडा सक्रिय कोळसा घाला.

८. फुटवे भरपूर आलेत, पण पाणीदार, काचेसारखे. मातीत जगतील?

नाही जगणार. बीएपी जास्त, अगरचं प्रमाण कमी, बाटलीत दमट कोंडलेली हवा, यांपैकी काहीतरी आहे. बीएपी निम्मं करा, अगरचं प्रमाण अर्ध्या ग्रॅमनं वाढवा. सुधारले तर सुधारले.

९. एका कोंबापासून वर्षात किती रोपं होतात?

कागदावर विचारताय की बाटलीत? दर चार आठवड्यांनी तिप्पट धरली तर दहा फेऱ्यांत, म्हणजे चाळीस आठवड्यांत, एकाचे ५९,०४९. माहितीपत्रकांत छापतात तो आकडा हाच. पण खराब बाटल्या, खुरटलेले फुटवे, तपासणीसाठी काढलेली रोपं वजा जाता हिशेब दुपटीवर आला, तर त्याच दहा फेऱ्यांत १,०२४. तिप्पट आणि दुप्पट यांत फरक एकाचा दिसतो, शेवटी तो अठ्ठावन्न हजारांचा होतो. शिवाय एकाच ओळीच्या फेऱ्या अमर्याद करायच्या नसतात. फेऱ्या वाढल्या, विशेषतः मधे गाठीसारखा कॅलस झाला, तर वेगळ्याच गुणांची रोपं निघू लागतात. आम्ही आठ-दहा फेऱ्यांनंतर पुन्हा मातृरोपाकडे जातो.

१०. ताई, आमच्याकडे एसी आहे. पंचवीस अंशांची कल्चर रूम कुटकीला चालेल ना?

वाढेल, पण खूश राहणार नाही. केळीला पंचवीस-सत्तावीस अंश मानवतात. कुटकी आम्ही अठरा-वीसवर ठेवतो, आणि यात लाड नाही. पालमपूरच्या सीएसआयआर-आयएचबीटी या हिमालयातल्या वनस्पतींवर काम करणाऱ्या संस्थेत झालेल्या कामात २५ अंशांपेक्षा १५ अंशांवर वाढलेल्या रोपांत औषधी द्रव्य जास्त आढळलं (प्रश्न १३).

नाशकात खरा शत्रू मे महिना. एका वर्षी मेच्या दुपारी वीज गेली, जनरेटरचं डिझेल आदल्या रात्री संपलेलं, आणि ते भरायचं मीच विसरले होते. बंद खोलीत ट्यूबलाइटची ऊब आधीच साठलेली. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा डाळिंबाच्या बाटल्या ठीकठाक, कुटकीची अख्खी रॅक मलूल. पुढच्या आठवडाभरात पानं पिवळी पडून चारशेच्या आसपास बाटल्या फेकल्या. तेव्हापासून डिझेलची नोंदवही दारालाच टांगलेली आहे, आणि कुटकी सर्वांत खालच्या फळीवर, जमिनीलगत.

११. पिंपळगावला आमचं द्राक्षाचं शीतगृह आहे, पावसाळ्यात रिकामंच असतं. तिथे बाटल्या ठेवता येतील?

प्रश्न आवडला. वाढवायला नाही, राखून ठेवायला हो. चार अंशांच्या आसपास मंद प्रकाशात डोंगरी वनस्पतींची वाढ जवळजवळ थांबते. दर महिन्याचं सबकल्चर टळतं, काही महिने मातृसंग्रह तसाच राहतो. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोत बाटल्यांमधला जनुकसंग्रह असाच थंडीत सांभाळतात. अटी दोन. द्राक्षासाठी असतं तसं शून्याजवळचं तापमान नको, बाटलीतली जेली गोठली की संपलं. आणि द्राक्षपेट्या आत असताना बाटल्या आत नकोत : पेटीतल्या ग्रेप गार्डच्या कागदातून सल्फर डायऑक्साइड सुटतो.

१२. हार्डनिंग, म्हणजे बाटलीतलं रोप बाहेरच्या हवा-मातीला सरावून घेणं, नाशकात करून तयार ट्रे डोंगरात पाठवले तर?

दोन हिवाळे करून पाहिलं. डिसेंबरमध्ये शेडनेटखाली, पॉलिथिनच्या बुटक्या बोगद्यात, कोकोपीट आणि वाळूत रोपं धरली, दिसायलाही छान दिसली. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं आणि गळायला लागली. जी वाचली ती प्रवासात ट्रेमधली माती सांडून अर्धी झाली.

आता मुळं फुटलेली रोपं जेली धुऊन, ओलसर कागदात गुंडाळून, बर्फाच्या वड्या घातलेल्या थर्माकोलच्या पेटीत नाशिकरोडहून रेल्वेनं पाठवतो. वसंतात, म्हणजे तिकडचं हिम ओसरल्यावर. तिथे दीड-दोन हजार मीटरवरच्या पॉलिहाऊसमध्ये पहिले तीन-चार आठवडे दमट हवेत, मग हळूहळू उघड्यावर, आणि पुढच्या हंगामात वरच्या वाफ्यांत. बाटलीतल्या रोपाच्या पानावर मेणाचा थर नीट नसतो, त्याची पर्णरंध्रं बंद व्हायला शिकलेली नसतात. हे शिक्षण जिथे जगायचं तिथेच झालेलं बरं.

१३. बाटलीतून आलेल्या कुटकीत औषधी गुण तेवढेच असतात का?

वैद्य मंडळी हे नेहमी विचारतात, आणि विचारायलाच हवं. कुटकीचा कडूपणा आणि यकृतावरचं काम ज्यांच्याशी जोडलं जातं ती मुख्य द्रव्यं पिक्रोसाइड-१ आणि पिक्रोसाइड-२. पहिलं मुख्यतः पानं-कोंबांत तयार होतं, दुसरं मुळं-राइझोमच्या बाजूला. म्हणून बाटलीतले हिरवे कोंब वाळवून 'कुटकी चूर्ण' केलं तर ते कुटकी नव्हे, निम्मी गोष्टच त्यात नाही. मातीत तीन-चार वर्षं वाढून राइझोम भरला की मग तुलना करावी, तीही प्रयोगशाळेतून तपासून. जिभेला कडू लागतं, ही तपासणी होत नाही. पूर्व हिमालयातली जवळची नातेवाईक वनस्पतीही कुटकीच्याच नावानं बाजारात येते आणि तीही कडूच असते. किती घ्यावी, कोणी घ्यावी हे आम्हाला विचारू नका, वैद्यांना विचारा.

१४. केदारनाथला गेलो होतो, वाटेत दिसली म्हणून दोन रोपं उपटून आणली. तुम्हाला पाठवू?

नको. त्या भागात मोठं अभयारण्य आहे, आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय झाड उपटणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी अशा रोपाची ओळख, उंची, वाण कशाचीच नोंद नसते. मातृरोप घ्यायचं ते लागवडदाराकडून किंवा संशोधन संस्थेकडून, कागदासह. श्रीनगर-गढवालचं उंच पर्वतीय वनस्पती संशोधन केंद्र, गोपेश्वरजवळची जडीबुटी शोध व विकास संस्था, पालमपूरची आयएचबीटी यांनी या वनस्पतींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. आणि एकच रोप आणू नका. एकाच रोपाची दहा हजार पोरं म्हणजे एका रोगाला दहा हजार बळी. आम्ही वेगवेगळ्या ठिकाणच्या सात ओळी वेगळ्या ठेवल्या आहेत. बाटलीवर नाव नसेल तर ती बाटली बाद.

विक्रीपर्यंत जायचं असेल तर आणखी कागद लागतात. १९९७ पासून कुटकी साइट्स या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेर व्यापार करायचा तर माल लागवडीचा असल्याचं दाखवावं लागतं. देशातल्या व्यापारी वापराला जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. रोप ज्या राज्यातलं, तिथल्या जैवविविधता मंडळाला आधी विचारा. टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था २००६ पासून आहे. तो कागद कुटकीच्या गुणांची हमी नसतो, हे लक्षात असू द्या.

१५. एक जण रोपंही देतो म्हणतो आणि तीन वर्षांनी माल परत घेण्याचा करारही. नाशिक जिल्ह्यातच. घ्यावं का?

प्रश्न २ त्यांना वाचून दाखवा. त्यावर 'आमचं वाण उष्णतेला टिकतं' असं उत्तर आलं, तर चहा पाजून निरोप द्या. पंचवीस वर्षांमागे सफेद मुसळीच्या वेळी अशाच करारांचे कागद घरोघरी होते. कंद महागात विकले गेले, परत घ्यायला कोणी आलं नाही. आमच्याही घरी एक कागद होता. वडिलांनी तो बरीच वर्षं जपून ठेवला होता, का ते कधी सांगितलं नाही.

१६. कुटकी तर डोंगरात धुमाऱ्यांच्या तुकड्यांपासूनही सहज वाढते म्हणे. मग हा सगळा खटाटोप कशाला?

पृष्ठावरचा सर्वांत अडचणीचा प्रश्न. खरं आहे ते. शेतकऱ्याकडे वाफाभर निरोगी कुटकी असेल तर त्यानं तुकडे लावावेत, आमची रोपं विकत घेऊ नयेत. स्वस्त पडतं, आणि ते रोप पहिल्या दिवसापासून डोंगराचंच असतं. बाटलीचा उपयोग तीन ठिकाणी : निवडलेली जास्त गुणाची एखादी ओळ लवकर वाढवायची असेल तेव्हा, सुरुवातीला तुकडे करायलाही झाडं नसतील तेव्हा, आणि संग्रह राखायला. याच्या पलीकडे कोणी टिश्यू कल्चरचं कौतुक सांगितलं तर ते प्रयोगशाळेचं कर्ज फेडायचं कौतुक समजा.

१७. हीच कृती अतिविष, जटामांसी, कूठ यांना चालेल?

चौकट तीच, आकडे वेगळे. अतिविष कंदाची आणि फार संथ, धीर लागतो. कूठ साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, कागदांचं काम आणखी कडक.

१८. घरी कुकर वापरून प्रयोग करता येईल का? मुलगी बारावीला आहे.

कुकरमध्ये मीडिया निर्जंतुक होतो, काचेच्या पेटीत स्पिरिटच्या दिव्याजवळ लावणीही जमते. मर्क्युरिक क्लोराइड मात्र घरात आणायचं नाही. हायपोक्लोराइट वापरा, आणि अल्कोहोलची बाटली दिव्यापासून हातभर लांब. कुटकी नको, पुदिन्यानं सुरुवात करा. रुसत नाही आणि फसला तर चटणी होते.

१९. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कुटकी द्याल का?

शिकायला या, पण प्रकल्पासाठी आधी दुसरीकडे बघा. त्र्यंबक रस्त्यानं अर्ध्या तासावर अंजनेरी आहे, आणि त्या डोंगराच्या नावानं ओळखली जाणारी सेरोपेजिया अंजनेरिका तिथल्या मोजक्या कातळउतारांवर उगवते. कंदिलासारखी फुलं, पावसाळ्यात काही आठवडे दर्शन, बाकी वर्ष कंद जमिनीत. ती आपल्याच जिल्ह्याची, आपल्याच पावसाची. तिच्यासाठी रेल्वेची पेटी लागत नाही, हार्डनिंग इथल्याच मातीत होतं. वनखात्याची परवानगी मात्र आधी काढा, अर्ज उन्हाळ्यातच द्या, नाहीतर परवानगी येईपर्यंत फुलं गेलेली असतात.